मुलाची कमाई आणि घरचे रेशन कार्ड

आमच्या दुकानातून कापड नेऊन शिलाई करून देणारे एक कारागीर आहेत. पिंपरीत वडिलोपार्जित खोली, घरात पाच माणसे, मोठा मुलगा अकरावीत. ईदच्या हंगामाआधी मी त्यांना सहज म्हटले, मुलाचे कॉलेज सकाळचे आहे, त्याला चार ते सात माझ्याकडे पाठवा, महिना तीन हजार देतो, चार महिने काम आहे. ते लगेच हो म्हणाले नाहीत. दुसऱ्या दिवशी येऊन विचारू लागले, "भाई, पोरगा कामाला लागला की रेशन बंद होते म्हणतात. खरे का?"

एवढी वर्षे धंदा करूनही मला उत्तर देता आले नाही. मग रेशनिंग ऑफिस, सेतू केंद्र आणि आमच्या वह्या पाहणारे कर सल्लागार, अशा चार चकरा मारल्या. हाच प्रश्न भोसरी, चिखली, चाकणच्या कितीतरी घरांत असणार, म्हणून जे कळले ते वाचकांपुढे ठेवतो.

प्रथम रेशनचे. महाराष्ट्रात १ मे १९९९ पासून तीन रंगांची कार्डे आली. वर्षाला १५ हजारांपर्यंत उत्पन्न असेल तर पिवळे, त्यापुढे १ लाखापर्यंत केशरी, त्याहून जास्त असेल तर पांढरे. पुढे २०१३ चा अन्न सुरक्षा कायदा राज्यात १ फेब्रुवारी २०१४ पासून लागू झाला आणि केशरी कार्डवाल्यांतून 'प्राधान्य कुटुंबे' निवडली गेली. त्यासाठी मर्यादा ठरली शहरात वर्षाला ५९ हजार, ग्रामीण भागात ४४ हजार. या कुटुंबांना माणशी महिना ५ किलो धान्य मिळते, आणि जानेवारी २०२३ पासून ते फुकट आहे. अंत्योदय कार्डाला मात्र माणसे कितीही असोत, ३५ किलो.

५९ हजार म्हणजे महिना ४,९१७ रुपये. पिंपरी-चिंचवडमध्ये एवढ्यात घर कसे चालते हे दाखला देणाऱ्यालाही ठाऊक असते आणि घेणाऱ्यालाही. मोशीपुढे इंद्रायणी ओलांडून खेड तालुक्यातील गावांत गेलात की मर्यादा आणखी १५ हजारांनी उतरते. कारखाना तोच, मजुरी तीच, बाजारभावही जवळपास तोच; पण नदीपलीकडच्या गावातला मजूर लवकर 'श्रीमंत' होतो. असो.

आता मुद्दा असा की रेशनचा हिशेब बापाच्या एकट्याच्या कमाईवर नाही, कुटुंबाच्या उत्पन्नावर आहे. कार्डात नाव असलेल्या, एकत्र राहणाऱ्या मुलाची मजुरी त्यात धरायची असते. आमच्या कारागिराचा हिशेब मांडून पाहू. शिलाईचे आणि बायकोच्या फॉल-पिकोचे मिळून वर्षाला ५६ हजार. मुलाचे चार महिन्यांचे १२ हजार. बेरीज ६८ हजार, म्हणजे मर्यादेच्या ९ हजार वर. घरात पाच माणसे, म्हणजे महिना २५ किलो धान्य. ते किराणा दुकानातून ३५ रुपये किलोने घ्यावे लागले तर महिना ८७५ आणि वर्षाला १०,५०० रुपये. मुलाने चार महिने कापडाचे तागे उचलून मिळवले १२ हजार, घराच्या पदरात उरले दीड हजार. त्यातून येण्याजाण्याचे भाडे वजा करा.

अर्थात पोरगा कामाला लागला त्या दिवशी धान्य बंद होते, असे कोणी समजू नये. रेशन दुकानाच्या मशीनला अंगठा कळतो, मजुरी कळत नाही. प्रश्न येतो तो नवीन उत्पन्नाचा दाखला काढताना, कार्डात नाव घालताना-काढताना, किंवा तपासणी निघते तेव्हा. २०२५ च्या एप्रिलपासून राज्यात अपात्र कार्डे शोधण्याची मोहीम झाली तेव्हा लोकांची झालेली धावपळ आपण पाहिली आहे. दाखल्यासाठी आपण सही करतो ते स्वयंघोषणापत्र असते. खोटे ठरले तर सहीवाला अडकतो, सेतूवाला नाही.

काही शहाणे सल्ला देतात की मुलाचे नावच कार्डातून कमी करा. तसे केले तर त्याचे ५ किलो जातातच, शिवाय ज्या ज्या ठिकाणी कार्डाची झेरॉक्स लागते तेथे तो या घरचा असल्याचा पुरावा राहत नाही. हा सल्ला ऐकू नये.

सर्वांत अवघड गाठ विधवा बहिणींची आहे. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत महिना १,५०० रुपये मिळतात. अट अशी की नाव दारिद्र्यरेषेच्या यादीत असावे, किंवा कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१ हजारांपर्यंत असावे. दहावी झालेल्या मुलाने एखाद्या वर्कशॉपमध्ये महिना दोन हजारांवर अर्धवेळ काम धरले तरी वर्षाचे २४ हजार झाले. मुलाच्या दोन हजारांमुळे आईचे दीड हजार धोक्यात. ज्यांचे नाव यादीत आहे त्यांनी त्याचा कागद जपून ठेवावा, त्यांना २१ हजारांच्या दाखल्यावर विसंबावे लागत नाही.

लाडकी बहीण योजनेत तेवढी भीती नाही. तेथे मर्यादा अडीच लाखांची आहे. कुटुंब म्हणजे पती, पत्नी आणि अविवाहित मुले, त्यामुळे मुलाची कमाई धरली जाते खरी, पण अर्धवेळ मजुरीने अडीच लाख सहसा ओलांडत नाहीत. पिवळ्या आणि केशरी कार्डाला तर उत्पन्नाच्या दाखल्यातून सूट दिलेली आहे. मात्र घरात कोणी आयकर भरणारा असेल तर लाभ नाही. ठेकेदाराने मुलाच्या पगारातून टीडीएस कापला असेल तर विवरणपत्र भरून तो परत मागता येतो. कर शून्य दाखवणारे विवरणपत्र भरले म्हणजे तो करदाता झाला, असा घोळ पुष्कळजण करतात.

कारखान्यात असणाऱ्यांसाठी एक गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. २१ हजारांपर्यंत पगार असणाऱ्या बापाच्या ईएसआयवर घरच्यांना औषधोपचार मिळतो. चिंचवडला मोहननगरचे इस्पितळ सर्वांना माहीत आहे. नियमात शिकणारे अपत्य २१ वर्षांपर्यंत धरले आहे, पण ते बापाच्या कमाईवर 'पूर्णपणे अवलंबून' असले पाहिजे. मुलाच्या नावाने ठेकेदाराने पीएफ, ईएसआय उघडले की तो स्वतः विमेदार होतो. त्यात वाईट काही नाही, पण ठेकेदाराने नुसते कापून भरलेच नाही तर इकडचेही गेले आणि तिकडचेही. म्हणून मुलाचा नंबर पहिल्याच महिन्यात मागून घ्यावा.

शिष्यवृत्तीच्या अर्जात शब्द नीट वाचावा. केंद्राच्या अल्पसंख्याक मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीच्या नियमात 'पालकांचे' उत्पन्न २ लाखांपर्यंत असे लिहिलेले होते. 'पालकांचे' आणि 'कुटुंबाचे' यात मुलाच्या कमाईएवढा फरक आहे. अमेरिकेत गरिबांना धान्यासाठी मदत देताना घरच्या १७ वर्षांपर्यंतच्या शाळकरी मुलाची मजुरी हिशेबात धरतच नाहीत. आपल्याकडे कर्मवीर भाऊराव पाटलांनी 'कमवा आणि शिका' ही रीत घालून दिली, पण शिकता शिकता कमावणाऱ्या मुलाला अशी सूट रेशनच्या नियमात कोणी लिहिली नाही. १९९९ चे १५ हजार तर अजून १५ हजारच आहेत.

आयकराबाबत एक दिलासा आहे. अल्पवयीन मुलाचे उत्पन्न बहुधा आईबापांपैकी ज्याचे जास्त त्याच्यात मिळवतात, पण मुलाने स्वतःच्या श्रमाने किंवा हुन्नराने मिळवलेले मिळवत नाहीत. त्याची बचत बँकेत ठेवली तर व्याज मात्र मिळवले जाते.

आणि आम्हा दुकानदारांचे कर्तव्य. चौदा वर्षांखालील मुलाला कामावर ठेवूच नये. दंड २० ते ५० हजार आणि कैद सहा महिने ते दोन वर्षे. स्वतःच्या घरच्या धंद्यात शाळेनंतर मदत चालते, धोक्याचे काम नाही. चौदा ते अठराच्या मुलाला संध्याकाळी सातनंतर आणि सकाळी आठपूर्वी काम देता येत नाही, सलग तीन तासांनंतर एक तास सुट्टी द्यावी लागते, आठवड्याची रजा द्यावी लागते आणि त्याची नोंद रजिस्टरात ठेवावी लागते. हंगामात रात्री अकरापर्यंत पोरे उभी करणाऱ्यांनी हे वाचावे. त्याबरोबर किती महिने आणि किती रुपये दिले याची सही केलेली चिठ्ठी मुलाला द्यावी. ती नसली तर चार महिन्यांची मजुरी दाखला करताना बारा महिन्यांची धरली जाण्याची भीती असते.

आमच्या कारागिराला मी हा सगळा हिशेब कागदावर मांडून दाखवला. त्यांनी बराच वेळ कागद पाहिला आणि म्हणाले, "५६ आणि ३ किती?" मुलगा रमझानचा एक महिना आला, तीन हजार घेऊन गेला. उरलेले तीन महिने मी एक मोठा माणूस ठेवला. मुलाचा हात चांगला होता, मोजताना कापड ताणत नव्हता.