डावखुऱ्या हाताचा रंधा

घरातले मूल डावखुरे असले की पहिली टोकाटोकी जेवणाच्या वेळी होते. उजव्या हाताने जेवावे हा आपला अदब आहे आणि तो मुलांना प्रेमाने शिकवावाच. पण रंधा कोणत्या हाताने ढकलावा हा अदबीचा प्रश्न नाही, तो हाताच्या जोराचा प्रश्न आहे.

दर शंभर माणसांत साधारण दहा जण डावखुरे असतात. त्यातला एखादा मुलगा सुतारकाम शिकू लागला आणि गैरसोयीचे हत्यार हाती पडले, तर दोष हत्याराला नव्हे, मुलाला लागतो. ‘याला जमायचे नाही’ असे चार वेळा ऐकले की मुलगा हुनर सोडतो, आणि त्याबरोबर हलाल रोजीची एक वाटही बंद होते. म्हणून लाकडी रंधा घेताना काय पाहावे ते आम्ही येथे सांगतो.

लाकूड सपाट करण्याचा साधा रंधा मुळात डावा-उजवा नसतो. त्याचे पाते आणि पाचर मधोमध बसवलेली असते. फरक पडतो तो मुठीमुळे. बिनमुठीचा आखूड रंधा कोणत्याही हाताला चालतो, म्हणून सुरुवात त्यानेच करावी. मूठ असेल तर रंधा मागून न्याहाळावा. मूठ बरोबर मध्यावर हवी; काही जुन्या रंध्यांत ती उजवीकडे सरकवलेली असते. जर्मन पद्धतीच्या रंध्याला पुढे शिंगासारखी मूठ असते. डावखुऱ्याला ती उजव्या हाताने धरावी लागते, तेव्हा स्वतः धरून पाहिल्याशिवाय घेऊ नये. चिनी रंध्याला दोन्ही बाजूंनी आडवी काठी असते, तर जपानी रंधा बिनमुठीचा असून तो ढकलत नाहीत, आपल्याकडे ओढतात. या दोन्हींत डावे-उजवे असे काही नाही.

खरी अडचण खाच पाडायच्या आणि नक्षीदार कडा काढायच्या रंध्यांची. त्यांची कडेची पट्टी बहुधा डाव्या बाजूला असते, कारण ते उजव्या हातासाठीच बनतात. डाव्या हाताचे जुन्या बाजारात क्वचितच मिळतात. अशा रंध्यांवर घाईने पैसे घालू नयेत.

हत्याराइतकेच महत्त्व कामाच्या बाकाला आहे. उजव्या हाताचा सुतार उजवीकडून डावीकडे रंधतो, म्हणून फळी अडवणारा ठोकळा बाकाच्या डाव्या टोकाला असतो. डावखुऱ्यासाठी तो उजव्या टोकाला ठोकावा. एवढ्या बदलाला फारसा खर्च येत नाही. फळीचे रेषे उलटे लागले, तर फळी फिरवून घ्यावी.

आणखी एक मार्ग आहे: रंधा स्वतः घडवणे. स्वीडनमध्ये काम शिकलेले आणि पुढे अमेरिकेत शिकवणारे जेम्स क्रेनोव्ह (1920–2009) आपले रंधे स्वतःच बनवत. ठोकळ्याच्या दोन बाजू कापून वेगळ्या करायच्या, मधल्या भागात पात्याची उतरती जागा काढायची, मग सारे पुन्हा चिकटवायचे आणि पाचर अडवायला आडवी दांडी घालायची. वरचा भाग आपल्या पंजाला बसेल तसा घासायचा. असा रंधा ज्याच्या हातासाठी घडवला, त्याच्याच हाताचा होतो.

पालकांनी एवढेच करावे. मुलाला दुकानात सोबत न्यावे, रंधा त्याच्या हाती द्यावा आणि टाकाऊ फळीवर दोन-चार वेळा चालवून पाहू द्यावा. पसंती त्याच्या हातावर सोडावी.