मेणात न मावलेला ढोल

1923 सालची एखादी जाझ संगीताची तबकडी ऐकायला मिळाली, तर तीत मोठा ढोल शोधून पाहा. बहुधा सापडणार नाही! या नाचाच्या संगीताचा सारा जीव तालात; मग ढोल गेला कुठे?

त्या वेळी वादक एका कर्ण्यासमोर दाटीवाटीने उभे राहत. आवाजाने कर्ण्याच्या टोकाचा पातळ पडदा थरथरे आणि त्याला जोडलेली सुई फिरत्या मेणावर नागमोडी चर कोरी. वीज नाहीच, शक्ती सगळी वादकांची. आता थोडे गणित करू. सेकंदाला 50 कंपने असलेल्या खर्जाची तरंगलांबी 340 भागिले 50, म्हणजे जवळजवळ 7 मीटर. एवढासा कर्णा ती कशी पेलणार? शिवाय ढोलाच्या दणक्याने सुई शेजारच्या चरात घुसण्याची भीती. म्हणून ढोल बाहेर. तरुण लुई आर्मस्ट्राँगचा कॉर्नेट तर इतका बुलंद, की किंग ऑलिव्हरच्या वाद्यवृंदात त्याला कर्ण्यापासून दूर उभे करीत, असे सांगतात.

1925 मध्ये अमेरिकेतील मोठ्या कंपन्यांनी वेस्टर्न इलेक्ट्रिकची विद्युत पद्धत घेतली. मायक्रोफोन आला, व्हॉल्व्हचा वर्धक आला आणि सुईला विद्युतचुंबक हलवू लागला. पूर्वी सेकंदाला सुमारे 250 ते 2500 कंपनांचेच स्वर उमटत. आता साधारण 100 ते 5000 कंपनांचे उमटू लागले. म्हणजे वर एक सप्तक, खाली त्याहूनही थोडे अधिक! याच सुमारास फ्लेचर हेंडरसन, ड्यूक एलिंग्टन यांचे मोठे वाद्यवृंद घडत होते. पितळी वाद्यांचा गट सवाल करी, सॅक्सोफोनचा गट जवाब देई आणि खालून बास व ढोल सर्वांना झुलवीत. हे झुलणे म्हणजेच स्विंग.

एलिंग्टन 1927 पासून न्यूयॉर्कच्या कॉटन क्लबमध्ये वाजवीत असे. वादक काळे, श्रोते मात्र गोरे. काळ्या शेजाऱ्यांना दार बंद. तबकडीला असा दरवान आडवा येत नव्हता. तिच्यातून हे संगीत त्यांच्याही घरी पोचले.

एलिंग्टनने मायक्रोफोनलाच जणू एक वाद्य मानले. 1930 च्या ‘मूड इंडिगो’त त्याने नेहमीची उतरंड उलटी केली : ट्रम्पेट आणि ट्रॉम्बोन तोंडाला बूच लावून वर, तर एरवी वर नाचणारी क्लॅरिनेट तळाशी. तिघांचे स्वर मिसळून चौथेच काहीतरी वाजते आहे असा भास होतो. तबकडी मिळाली तर कान तळाकडे ठेवा.