नव्व्याण्णव टक्के, पण कोणत्या पाण्यात?

छत्तीसगडमधल्या, पूर्वी राजनांदगाव जिल्ह्यात असलेल्या अंबागड चौकी भागातल्या कौडीकसा गावच्या पाण्यात आर्सेनिक आहे, हे जादवपूर विद्यापीठाचे दीपंकर चक्रवर्ती आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये शोधनिबंधातून मांडलं. रायपूरच्या पंडित रविशंकर शुक्ल विद्यापीठातल्या रसायनशास्त्रज्ञांनीही पुढे हा पट्टा अभ्यासला. गोंड-हलबा वस्तीचा हा मुलूख आपल्या गडचिरोलीला लागून. २०२२ मध्ये त्याचा वेगळा जिल्हा झाला. दोष इथे जमिनीखालच्या खडकाचा आहे. पाणी दिसायला नितळ, चवीला गोड. वर्षानुवर्षं पिऊन तळहात-तळपाय खरबरीत झाले की मग कळतं.

तपासणीचं किट मात्र लगेच बोलतं. बाटलीत पाणी, त्यात आम्ल आणि जस्ताची पूड. निघालेला वायू तोंडावरच्या कागदी पट्टीला लागतो आणि पांढरी पट्टी आधी पिवळी, मग तपकिरी होते. लिटरला ०.०१ मिलिग्रॅम ही आपली मर्यादा.

पर्यावरण अभियांत्रिकीत एम.टेक. करणाऱ्याला हे आर्सेनिक काढण्याचा विषय मोहात पाडणारच. लोहाच्या ऑक्साइडवर आर्सेनिक चिकटतं. छत्तीसगडात जांभ्यासारखी लोहयुक्त ‘भाटा’ माती आहे, गिरण्यांतून धानाचा कोंडा आहे. ते नळीत भरा, पाणी सोडा, ‘९९ टक्के निघालं’ असा आलेख काढा. या टक्केवारीकडे मी जरा संशयानेच बघतो. बरेचदा ते पाणी ऊर्ध्वपातित असतं, त्यात आर्सेनिकचा क्षार मोजून घातलेला. हापशाच्या पाण्यात सिलिका आणि फॉस्फेटही असतात. एसटीत रुमाल टाकून जागा धरावी तसे ते लोहावरच्या जागा आधीच अडवतात. भूजलातल्या आर्सेनिकच्या ‘आर्सेनाइट’ या रूपावर तर विद्युतभारच नसतो. त्याचं आधी आर्सेनेट केलं नाही तर बरंचसं निसटतं.

आणि हे सगळं चालवायचं कुणी? नागपूरच्या नीरी या संस्थेचं फ्लोराइड काढणारं नलगोंडा तंत्र तुरटी-चुन्यावर बादलीतही चालतं, पण रोज तुरटी मोजणं आणि गाळ उचलणं कुणाला तरी करावंच लागतं. लीहाय विद्यापीठाचे अरूप सेनगुप्ता यांच्या गटाने पश्चिम बंगालमध्ये हापशांना फिल्टर जोडले, तेव्हा गावसमित्या नेमल्या, घरटी मासिक वर्गणी ठरवली, विषारी गाळ साठवायची सोयही केली. प्रबंधात सहसा न येणारं हेच खरं अवघड काम.

दोन वर्षांच्या एम.टेक.मध्ये प्रबंधाच्या वाट्याला जेमतेम एक वर्ष येतं, ही अडचण खरी. तरी मार्गदर्शकांनी एक नियम करावा: नळीत पाणी गावच्या हापशाचंच सोडायचं, आणि फिल्टर एक पावसाळा गावकऱ्यांच्या हाती चालल्यावरच टक्केवारी लिहायची.