असं का होतं? : दूध सारखंच, पैसे वेगळे

पहूरसारख्या गावात दोघांनी म्हशीचं पाच-पाच लिटर दूध डेअरीला घातलं, तरी पावतीवर रक्कम वेगळी येते. जळगाव जिल्हा दूध संघासारख्या सहकारी व्यवस्थेत भाव ठरतो तो फॅट आणि एसएनएफच्या तक्त्यानं. एसएनएफ म्हणजे फॅट आणि पाणी सोडून उरलेली प्रथिनं, साखर, क्षार.

दूध किती जड आहे ते दाखवणाऱ्या नुसत्या लॅक्टोमीटरनं भागत नाही. पाणी घातलं की दूध हलकं होतं आणि तो जास्त बुडतो. पण साय काढली की दूध जड होतं. मग बेतानं पाणी घालून आकडा जुळवणारे बहाद्दर असतातच! म्हणून फॅटही मोजतात. म्हशीच्या दुधाला ६ टक्के फॅट, ९ टक्के एसएनएफ हे मूळ प्रमाण धरतात.

कासेतल्या शेवटच्या धारांत फॅट सर्वांत जास्त असतं. तेव्हा दूध पूर्ण काढा आणि पावती वाचल्याशिवाय खिशात घालू नका.