हातच्याची वाट

९९९९ मध्ये १ मिळवा. उत्तर तोंडावर आहे, १००००. पण कागदावर मांडून बघा. नऊ नि एक दहा, हातचा एक. पुन्हा नऊ नि एक दहा, हातचा एक. सगळ्यात डावीकडच्या नवाला उजवीकडून हातचा येईपर्यंत थांबावंच लागतं.

चिपच्या आतही अगदी असंच होतं. मी चिप डिझाइनमध्ये आहे आणि माझं काम म्हणजे हे थांबणं मोजणं नि कमी करणं.

मैत्रिणींनो, तुम्ही म्हणाल, वीज तर क्षणात पोचते! ग्रेस हॉपर या अमेरिकन नौदलातल्या संगणकतज्ज्ञ भाषणांत साधारण ३० सेंटिमीटरच्या तारा वाटायच्या. एका नॅनोसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या शंभर कोटीव्या भागात, सिग्नल फार तर एवढंच जाऊ शकतो. ३ गिगाहर्ट्झच्या चिपमध्ये घड्याळाचा ठोका त्याच्याही एकतृतीयांश! तेवढ्यात एका खणातून निघून, मधली सगळी गेट्स ओलांडून पुढचा खण गाठायचा. प्रत्येक गेट थोडा वेळ खातंच.

असे लाखो रस्ते असतात. त्यातला सर्वांत संथ रस्ता, क्रिटिकल पाथ, अख्ख्या चिपचा वेग ठरवतो. कुकरची वाफ जिरल्याशिवाय पानं वाढता येत नसतील, तर पोळ्या भराभर लाटून काय उपयोग?

हातच्यावर एक छान तोड आहे. डावीकडची बेरीज दोनदा करून ठेवायची, हातचा आला तर आणि नाही आला तर. तो कळला की योग्य उत्तर फक्त उचलायचं. वेळ वाचतो, पण जागा नि वीज जास्त लागते. म्हणून घाई गरजेपुरतीच करायची. ज्या रस्त्यांना सवड आहे, तिथे कमी वीज खाणारी संथ गेट्स लावायची.

गंमत म्हणजे, फार लवकर पोचणंही वाईट! आधीचा आकडा नीट टिपला जाण्यापूर्वीच नवा येऊन धडकतो. उशीर झाला तर घड्याळ हळू करून चिप निदान चालवता तरी येते. इथे तोही उपाय चालत नाही. बनून आलेली चिप उसवून पुन्हा शिवता येत नाही. नवे मास्क, मोठा खर्च, काही महिने वाया. म्हणून अशा रस्त्यांवर आम्ही मुद्दाम बफर घालून उशीर करतो.

रिपोर्टमध्ये एखादा रस्ता उशिरा पोचताना दिसला, की मी शेवटच्या गेटला बोल लावत नाही. मागे मागे जात बघते, ते कोणाकोणासाठी खोळंबलं होतं. घरात सगळ्यांत शेवटी पानावर बसणारीला ‘तुझं आवरतच नाही’ म्हणतात ना, तेव्हाही तेवढंच बघावं. बहुतेकदा ती कुणाच्या तरी हातच्याची वाट बघत असते.