तिसरा टप्पा कोणाचा?

संशोधनाचा सरकारी पैसा जायचा तो विद्यापीठांकडे, नाहीतर बड्या कंपन्यांकडे. 1970च्या दशकात अमेरिकेतही हीच रीत होती. नॅशनल सायन्स फाउंडेशनमधल्या रोलंड टिबेट्स या अधिकाऱ्याला ती पटत नव्हती. नवी कल्पना घेऊन धडपडणारी दहा-वीस माणसांची कंपनी बँकेच्या दारात उभी राहू शकत नाही आणि गुंतवणूकदार तर वस्तू हातात आल्याशिवाय बोलतच नाही, हे त्यांनी पाहिलं होतं. 1977 साली त्यांनी फाउंडेशनमध्ये लहान कंपन्यांसाठी वेगळा निधी ठेवण्याचा प्रयोग सुरू केला. पाच वर्षांनी, 22 जुलै 1982 रोजी, अध्यक्ष रेगन यांच्या सहीनं त्याचा कायदा झाला. स्मॉल बिझनेस इनोव्हेशन रिसर्च, म्हणजे एसबीआयआर, ही योजना त्यातून आली. विद्यापीठांनी कायद्याला कसून विरोध केला होता. आपल्या वाट्याला कात्री लागणार, ही त्यांची भीती होती आणि ती खोटी नव्हती.

कारण या योजनेसाठी नवी तिजोरी उघडलीच नाही. बाहेरच्या संस्थांना संशोधनासाठी वर्षाला 10 कोटी डॉलरहून अधिक रक्कम देणाऱ्या प्रत्येक केंद्रीय खात्यानं त्यातला ठरावीक हिस्सा लहान कंपन्यांसाठी राखायचा, एवढंच कायद्यानं सांगितलं. सुरुवात 0.2 टक्क्यानं झाली, आज तो 3.2 टक्के आहे. अंदाजपत्रकात वेगळा आकडा नाही, म्हणून दरवर्षी तो वाचवण्याची लढाईही नाही. योजना चार दशकं टिकली ती बरीचशी या चतुराईमुळे.

कृषी खातं 1983पासून या योजनेत आहे आणि तेव्हापासून त्यानं दोन हजारांहून अधिक अनुदानं दिली आहेत. जंगलापासून मत्स्यशेतीपर्यंत, पीकसंरक्षणापासून अन्नशास्त्रापर्यंत दहा विषय आहेत. लहान आणि मध्यम शेतांसाठी त्यात एक स्वतंत्र विषय आहे, हे मला विशेष वाटतं. अर्जदार कंपनी नफ्यासाठी चालणारी, अमेरिकी मालकीची आणि पाचशेपर्यंत कामगारांची हवी. पहिला टप्पा कल्पना चालते की नाही हे तपासण्याचा. त्यासाठी आठ महिने आणि सव्वा ते पावणेदोन लाख डॉलर मिळतात. तो पार केलेल्यांनाच दुसऱ्या टप्प्याला अर्ज करता येतो. तिथं दोन वर्षं आणि सहा लाख डॉलरच्या आसपास रक्कम. पहिल्या टप्प्यातलं किमान दोन तृतीयांश काम कंपनीनं स्वतः करायचं. प्राध्यापकाला सोबत घेता येतं, पण कंपनी नुसती पाटीपुरती ठेवून सगळं काम विद्यापीठात उरकता येत नाही. सरकार कंपनीत भागीदारी मागत नाही, आणि प्रामाणिक प्रयत्न फसला तर पैसे परत मागत नाही.

आठ महिन्यांची मुदत मात्र मला खटकते. सॉफ्टवेअरला ती पुरेल. सफरचंदाच्या झाडाला बहर वर्षातून एकदा येतो. अनुदान हाती पडेपर्यंत तो निघून गेला, तर चाचणी हरितगृहात किंवा प्रयोगशाळेतच करावी लागते, आणि प्रयोगशाळेतलं यश बांधावर टिकतंच असं नाही. नियम सगळ्या विषयांना एकाच मापाचे शिवले की फळबागेला ते आखूड पडायचेच.

पैशाचा उपयोग होतो का, हे अर्थतज्ज्ञांनी तपासलं आहे. हार्वर्डच्या जॉश लर्नर यांचा 1999चा अभ्यास सांगतो की अनुदान मिळालेल्या कंपन्या पुढच्या दशकात इतरांपेक्षा वेगानं वाढल्या, पण ही वाढ जिथं खासगी गुंतवणूकदारांचा वावर आहे त्या भागांपुरतीच दिसली. वारंवार अनुदान घेणाऱ्यांची कामगिरीही काही अधिक उजवी नव्हती. सॅब्रिना हॉवेल यांनी 2017 साली ऊर्जा खात्याची अनुदानं तपासली. पहिल्या टप्प्याच्या छोट्या रकमेमुळे पुढं खासगी भांडवल मिळण्याची शक्यता जवळपास दुप्पट झाली होती. दुसऱ्या टप्प्याच्या मोठ्या रकमेनं फारसा फरक पडला नव्हता. थोडक्यात, सरकारचे पहिले पैसेच सगळ्यांत कामाचे.

कॅलिफोर्नियातल्या ब्लू रिव्हर टेक्नॉलॉजीकडे पाहिलं की हे लक्षात येतं. 2011 साली सुरू झालेल्या या कंपनीला नॅशनल सायन्स फाउंडेशनचं एसबीआयआर अनुदान मिळालं. तिच्या यंत्राचे कॅमेरे लेट्यूसच्या ओळीवरून जात प्रत्येक रोप ओळखत आणि दाटीतली नको असलेली रोपं तिथल्या तिथं मारत. विरळणीचं हे काम तोवर मजूर वाकून करत. कंपनीनं सुरुवातीला यंत्र विकलं नाही, विरळणीची सेवा विकली. त्यामुळे शेतकऱ्याला यंत्रावर पैसा लावायचा धोका उरला नाही. 2017 साली जॉन डिअरनं ही कंपनी 30 कोटी 50 लाख डॉलरना घेतली. आज त्याच तंत्रावरचं फवारणी यंत्र तणावर नेमकं औषध टाकतं.

पण ब्लू रिव्हरला गुंतवणूकदार हाकेच्या अंतरावर होते. सगळ्यांचं तसं नसतं. कायद्यात तिसरा टप्पा आहे तो बाजारात उतरण्याचा, आणि त्यासाठी योजनेतून एक डॉलरही मिळत नाही. संरक्षण खात्याला ही अडचण तितकी जाणवत नाही, कारण पटलेली वस्तू तेच विकत घेतं. कृषी खातं मातीचा संवेदक घेऊन काय करणार? गिऱ्हाईक आहे तो शेतकरी. तो एकटा नाही, हजारो आहेत, आणि त्यातला प्रत्येक जण शेजाऱ्याच्या रानात एक-दोन हंगाम पाहिल्याशिवाय खिशात हात घालत नाही. त्याचं चुकतं असं मला वाटत नाही. फसलेल्या प्रयोगाचं नुकसान त्याच्या पिकाचं असतं.

वॉशिंग्टन राज्यातल्या फळबागायतदारांनी यावर आपला मार्ग काढला. मालावर टनामागे वर्गणी देऊन ते स्वतःचं संशोधन मंडळ चालवतात. सफरचंद हवेच्या झोतानं ओढून तोडणाऱ्या अबंडंट रोबोटिक्सच्या सुरुवातीच्या संशोधनाला या मंडळाचा पैसा होता. 2019 साली न्यूझीलंडमध्ये त्या यंत्रानं व्यापारी तोडणीही केली. 2021 साली कंपनी बंद पडली. शेतकऱ्यांचा पैसा लागला की यश हमखास, असं नाही. पण वापरणाराच पैसा देत असला की प्रश्न त्याच्या बागेतले विचारले जातात.

भारतानं ही कल्पना नावासकट उचलली. केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागानं 2005 साली स्मॉल बिझनेस इनोव्हेशन रिसर्च इनिशिएटिव्ह सुरू केली: पहिल्या टप्प्याला अनुदान, दुसऱ्याला सवलतीच्या व्याजाचं कर्ज. 2012 साली त्याच विभागाची बायरॅक ही कंपनी स्थापन झाली. तिच्या बिग योजनेत नव्या उद्योजकाला 18 महिन्यांसाठी 50 लाखांपर्यंत अनुदान मिळतं, आणि शेती त्यात आहे. राष्ट्रीय कृषी विकास योजनेच्या रफ्तार उपक्रमात कल्पनेला 5 लाख आणि पुढच्या टप्प्याला 25 लाखांपर्यंत मदत आहे. त्यातून कंपन्या उभ्या राहिल्या, पुठ्ठ्याचे मोठाले धनादेश हातात धरून फोटोही निघाले. तिसरा टप्पा आपल्याकडेही मोकळाच आहे.

त्याचं उत्तर महाराष्ट्राला नवीन नाही. 1975 साली सहकारी साखर कारखान्यांच्या ऊसउत्पादक सभासदांनी पुण्याजवळ मांजरीला डेक्कन शुगर इन्स्टिट्यूट उभी केली. तीच आजची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट. द्राक्ष बागायतदारांचा संघही मांजरीचाच. उत्पादकांनी एकत्र येऊन संशोधनाचा भार उचलण्याची सवय इथं पन्नास वर्षांची आहे. कांदा, डाळिंब, सोयाबीन यांच्या वाट्याला एवढं बळ आलं नाही.

अमेरिकेत 30 सप्टेंबर 2025 रोजी एसबीआयआरची कायदेशीर मुदत संपली. त्याच त्या कंपन्या किती वेळा अनुदान घेणार, यावरचा संसदेतला वाद तोवर मिटला नव्हता. चाळीस वर्षं चाललेली योजनाही अशी अडकते, म्हणून केवळ सरकारी निधीवर विसंबू नये. आपल्या शेतकरी उत्पादक कंपन्यांना आणि बागायतदार संघांना माझं सांगणं एवढंच आहे: दरवर्षी सभासदांची थोडी जमीन एका हंगामासाठी नव्या यंत्राच्या किंवा औषधाच्या चाचणीला राखून ठेवा, नुकसान झालं तर भरपाई संघाच्या निधीतून द्या, आणि निकाल चांगला येवो की वाईट, तो सभासदांसमोर छापून मांडा. नव्या कंपन्यांना दुसऱ्या धनादेशापेक्षा याची गरज जास्त आहे.