कन्सोलच्या शिस्तीतला संगणक

गेम खेळण्याचा संगणक आणि गेमिंग कन्सोल यांच्यातला फरक यंत्र उघडून शोधू गेल्यास आज तो जवळपास सापडत नाही. दूरचित्रवाणी संचाला जोडून मुख्यतः गेम खेळण्यासाठी एका कंपनीने बांधलेले बंदिस्त यंत्र, अशी कन्सोलची ढोबळ व्याख्या करता येते. परंतु मायक्रोसॉफ्टने २००१मध्ये आणलेल्या पहिल्या एक्सबॉक्समध्येच ७३३ मेगाहर्ट्‌झचा पेंटियम जातीचा प्रोसेसर, एनव्हिडियाची ग्राफिक्स चिप आणि ८ जीबीची हार्ड डिस्क असा टेबलावरच्या संगणकाचा ऐवज होता, आणि २०१३मध्ये प्लेस्टेशन ४ व एक्सबॉक्स वन हे दोन्ही प्रतिस्पर्धी एएमडीच्या एकाच घराण्यातील प्रोसेसर घेऊन आले, तेव्हा उरलासुरला भेदही जवळपास मिटला. राहिला तो वागणुकीचा फरक. कन्सोल सोफ्यावरून एक बटण दाबून सुरू होतो, संगणकाला मात्र आधी कळफलक, माउस, पासवर्ड, अपडेटची विचारणा आणि ड्रायव्हरची आवृत्ती यांच्यामार्गे जावे लागते. दिवाणखान्यात ठेवायचा, संगणकाइतकाच मोकळा पण कन्सोलसारखा वागणारा गेमिंग संगणक ही कल्पना तीन दशके अनेकांना खुणावत राहिली, ती या वागणुकीमुळे. आणि ती इतकी वर्षे फसत राहिली, कारण तिच्या पाठीराख्यांनी बहुतेक वेळा नवी पेटी बांधली आणि वागणूक तशीच ठेवली.

ही वागणूक म्हणजे नेमके काय, ते बारकाईने पाहण्यासारखे आहे. टेबलावरचा संगणक हातभर अंतरावरून वाचला जातो, टीव्ही मात्र सुमारे दहा फुटांवरून पाहिला जातो. म्हणून ज्या पडद्याची अक्षरे दुरून वाचता येतील आणि ज्याचा प्रत्येक कोपरा केवळ कंट्रोलरच्या बटणांनी गाठता येईल, अशा मांडणीला या क्षेत्रात 'दहा फुटांची' मांडणी म्हणतात. दुसरी बाब झोपेची. चालू गेम मध्येच थांबवून यंत्र निजवावे आणि दुसऱ्या दिवशी उठवताच तो त्याच क्षणापासून पुढे सुरू व्हावा, ही कन्सोलवाल्यांना साधी वाटणारी सोय विंडोजच्या संगणकावर भरवशाची कधीच नव्हती. तिसरी त्याहूनही क्षुल्लक वाटेल, पण घरातल्या इतर माणसांना सर्वांत आधी तीच जाणवते. एचडीएमआय केबलमधून उपकरणांनी एकमेकांना आज्ञा देण्याची सीईसी नावाची एक पद्धत आहे, तिच्यामुळे कन्सोल जागा झाला की टीव्हीही जागा होतो आणि योग्य इनपुट आपोआप निवडले जाते. संगणकाच्या ग्राफिक्स कार्डांत ही सोय सहसा नसते, त्यामुळे रिमोट शोधण्यापासून सुरुवात करावी लागते.

याखेरीज एक गोष्ट डोळ्यांना दिसते, पण तिचे कारण खेळणाऱ्याला क्वचितच ठाऊक असते. गेममधील प्रकाश, सावली, पाण्याची लहर किंवा धातूची चकाकी कशी काढायची हे सांगणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमना शेडर म्हणतात, आणि ते चालवण्यापूर्वी त्या-त्या ग्राफिक्स चिपच्या भाषेत उतरवावे लागतात. कन्सोलच्या एका पिढीत चिपचे प्रकार हाताच्या बोटांवर मोजण्याइतके असल्याने हे काम गेम बनवणारेच आधी उरकून देतात. संगणकांच्या बाबतीत चिप, ड्रायव्हर आणि त्यांच्या आवृत्त्या यांच्या जोड्या असंख्य असल्याने ते घरच्या यंत्रावर, अनेकदा ऐन खेळाच्या भरात करावे लागते, आणि त्यामुळे चित्र क्षणभर अडखळते. दुप्पट किमतीचा संगणक स्वस्त कन्सोलपेक्षा कमी गुळगुळीत का वाटावा, या तक्रारीमागे पुष्कळदा एवढेच कारण असते.

आधीच्या प्रयत्नांत गेटवे कंपनीने १९९६मध्ये ३१ इंची पडद्यासह विकलेला 'डेस्टिनेशन' हा दिवाणखान्याचा संगणक होता, अनेक उत्पादकांनी एकाच आराखड्यावर यंत्रे बांधावीत या कल्पनेचा १९९३चा थ्रीडीओ होता, आणि इन्फिनियम लॅब्जने गाजावाजा करून घोषित केलेला पण कधीच बाजारात न आलेला 'फँटम'ही होता. त्यांची उजळणी इथे पुरे. खरा अभ्यासण्याजोगा प्रयोग अमेरिकेतील व्हॉल्व्ह या कंपनीचा आहे, कारण तिने तोच प्रयोग दोनदा केला आणि दोन्ही वेळांच्या मधले अंतर फार काही शिकवून जाते.

गेब न्यूएल आणि माइक हॅरिंग्टन या मायक्रोसॉफ्टमधून बाहेर पडलेल्या दोघांनी १९९६मध्ये व्हॉल्व्हची स्थापना केली. 'हाफ-लाइफ' हा तिचा पहिला गेम १९९८चा; महाराष्ट्रातील एका पिढीला मात्र ही कंपनी, नाव ठाऊक असो वा नसो, सायबर कॅफेत तासाच्या हिशेबाने खेळलेल्या 'काउंटर-स्ट्राइक'मुळे परिचयाची आहे. २००३मध्ये तिने स्टीम हे गेमचे इंटरनेटवरील दुकान सुरू केले आणि काही वर्षांतच संगणकावरील गेमची सर्वांत मोठी बाजारपेठ तेच बनले. ही बाजारपेठ उभी होती दुसऱ्याच्या जमिनीवर, म्हणजे विंडोजवर. २०१२मध्ये विंडोज ८ बरोबर मायक्रोसॉफ्टने स्वतःचे दुकान आणले, तेव्हा न्यूएल यांनी संगणक-व्यवसायासाठी ते अरिष्ट असल्याचे जाहीरपणे म्हटले. स्टीमची लिनक्सवरील आवृत्ती, टीव्हीसाठीची 'बिग पिक्चर' ही मांडणी आणि पुढे २०१३च्या सप्टेंबरमध्ये घोषित झालेली स्टीमओएस ही लिनक्सवर आधारलेली ऑपरेटिंग सिस्टीम, ही सगळी पावले या भीतीतून पडली. दिवाणखान्याचे आकर्षण त्यात खोटे नव्हते, पण पहिली निकड जमीनमालकापासून सुटण्याची होती, आणि पहिल्या प्रयोगातील चुकांचे मूळ या अग्रक्रमात दिसते.

व्हॉल्व्हने पेट्या स्वतः बांधल्या नाहीत. ३०० नमुना-यंत्रे चाचणीसाठी वाटून तिने बाकीचे काम एलियनवेअर, झोटॅक, गिगाबाइट अशा उत्पादकांवर सोपवले, आणि २०१४च्या जानेवारीत लास व्हेगासच्या प्रदर्शनात मांडलेल्या 'स्टीम मशीन'च्या किमती ४९९ डॉलरपासून ६,००० डॉलरपर्यंत पसरलेल्या होत्या. कन्सोल घेणाऱ्याला जो प्रश्न कधी पडत नाही, म्हणजे 'यातला कोणता घ्यावा आणि त्यावर हा गेम चालेल का', तोच इथे दारातच उभा राहिला. एलियनवेअरने वाट न पाहता २०१४मध्येच आपली पेटी विंडोज घालून विकायला काढली. स्टीमओएसवाली यंत्रे १० नोव्हेंबर २०१५ रोजी आली, तेव्हा स्टीमवरील गेमपैकी थोडकेच लिनक्सवर चालत होते आणि जे चालत होते त्यांतले कित्येक त्याच यंत्रावर विंडोजपेक्षा हळू चालत होते. गेम बनवणाऱ्यांनी लिनक्ससाठी वेगळी आवृत्ती काढावी ही अपेक्षा ग्राहक आल्याशिवाय पुरी होणार नव्हती आणि गेमशिवाय ग्राहक येणार नव्हते. २०१८मध्ये स्टीमच्या मुख्य पानावरून या यंत्रांचा दुवाही काढून टाकण्यात आला.

त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये मात्र व्हॉल्व्हने 'प्रोटॉन' प्रसिद्ध केले, आणि या कथेत निर्णायक वळण कुठे असेल तर ते इथे आहे. विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवण्यासाठी १९९३पासून स्वयंसेवकांच्या कष्टांवर वाढलेला 'वाइन' हा प्रकल्प त्याचा पाया होता. गेम विंडोजकडे जी मागणी करतो ती मध्येच झेलून लिनक्सला समजेल अशी करून देणारा हा दुभाष्या आहे, आणि चित्र रेखाटण्याच्या मायक्रोसॉफ्टच्या आज्ञा व्हल्कन या खुल्या पद्धतीत बदलणारा डीएक्सव्हीके हा त्याचा कळीचा भाग. लिनक्ससाठी गेम पुन्हा लिहा असे कुणाला विनवण्याची गरजच त्याने संपवली. २०२२च्या फेब्रुवारीत आलेल्या स्टीम डेक या हातात धरायच्या यंत्रात हे सॉफ्टवेअर आणि एकच ठरलेले हार्डवेअर प्रथमच एकत्र आले. हार्डवेअर एकच असल्यामुळे शेडर आधीच तयार करून गेमबरोबर पाठवता येऊ लागले, झोप आणि जाग भरवशाची झाली, आणि प्रत्येक गेम कंट्रोलरवर पूर्ण चालतो का, अक्षरे वाचता येतात का, हे तपासून त्यावर शिक्का मारण्याची पद्धत सुरू झाली. त्याच वर्षी टीव्हीला जोडण्याचा डॉकही आला. म्हणजे कन्सोलची शिस्त संगणकात आली ती दिवाणखान्याच्या मार्गाने नव्हे, तर प्रवासात वापरायच्या यंत्रातून, आणि मग ती घरी परतली.

नोव्हेंबर २०२५मध्ये व्हॉल्व्हने पुन्हा स्टीम मशीन हेच नाव घेऊन जी पेटी घोषित केली ती या पार्श्वभूमीवर समजते. सुमारे सहा इंचांचा घन, वीजपुरवठा आतच, एएमडीचा सहा कोअरचा प्रोसेसर, १६ जीबी स्मृती आणि ग्राफिक्ससाठी वेगळी ८ जीबी. स्टीम डेकच्या सहापटीहून अधिक ताकद असल्याचा दावा. ताकदीच्या दृष्टीने यात थक्क होण्यासारखे काही नाही. आकर्षण असेल तर ते दुसरीकडे आहे: वीस वर्षांत जमवलेला गेमचा संग्रह तसाच या पेटीवर येतो, इंटरनेटवरून इतरांशी खेळण्यासाठी कन्सोल कंपन्या घेतात तशी वर्गणी भरावी लागत नाही, आणि हवे तेव्हा एका आज्ञेने पडद्यावर साधा लिनक्स डेस्कटॉप उघडतो, ज्यावर मालकाला वाटेल ते बसवता येते. यंत्राचा कारभार पाहण्याची सक्ती नाही, पण अधिकार शाबूत आहे, हा तो सौदा.

अर्थात हा अधिकार वाटतो तितका निखळ नाही. यंत्र सुरू होताच समोर येते ते व्हॉल्व्हचेच दुकान, जे विक्रीतून साधारणपणे ३० टक्के हिस्सा घेते. विंडोजच्या जमीनमालकापासून सुटलेली कंपनी आता स्वतः जमीनमालक आहे, फरक एवढाच की फाटकाला कुलूप नाही. शिवाय काही कुलपे तिच्या हातातही नाहीत. फसवणूक रोखण्यासाठी ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यात शिरणारी सॉफ्टवेअरे लिनक्सवर चालत नसल्याने किंवा चालू दिली जात नसल्याने 'फोर्टनाइट', 'व्हॅलोरंट' यांसारखे गेम या पेटीवर थेट चालत नाहीत, आणि 'एपेक्स लेजेंड्स'ने २०२४मध्ये लिनक्सला दिलेला प्रवेश मागे घेतला. एचडीएमआयच्या २.१ आवृत्तीचा खुला ड्रायव्हर लिहिण्याचा एएमडीचा प्रस्ताव एचडीएमआय फोरमने फेटाळल्याचे २०२४मध्ये उघड झाले. दिवाणखान्यासाठी बांधलेल्या या यंत्राच्या अधिकृत तपशिलात म्हणूनच टीव्हीला लागणारी जोडणी २.० अशी जुनी लिहिलेली आहे, आणि अधिक क्षमतेचे डिस्प्लेपोर्ट आहे खरे, पण ते घरगुती टीव्हीवर सहसा नसते.

घोषणेच्या वेळी किंमत सांगितली गेली नाही, मात्र ती तशाच ताकदीच्या संगणकाच्या आसपास असेल, कन्सोलप्रमाणे तोटा सोसून विकली जाणार नाही, असे व्हॉल्व्हने स्पष्ट केले. यामागचे कारण सोनीच्या इतिहासात सापडते. प्लेस्टेशन ३ सुरुवातीला उत्पादनखर्चापेक्षा कमी किमतीला विकला जात होता आणि त्यावर लिनक्स बसवता येत होते. तेव्हा अमेरिकी हवाई दलाच्या संशोधन प्रयोगशाळेने असे १,७०० हून अधिक कन्सोल जोडून एक महासंगणकच उभारला. त्यावर एकही गेम विकला जाणार नव्हता, हे सांगायला नको. २०१०मध्ये सोनीने, सुरक्षेचे कारण देऊन, लिनक्सची सोय बंद केली. पेटी खुली ठेवायची तर ती कार्यालयातल्या टेबलावरही जाणार, आणि मग गेमच्या विक्रीतून तोटा भरून काढण्याचे गणित मोडते.

भारतात स्टीमवर किमती रुपयांत दिसतात, पण स्टीम डेकची अधिकृत विक्री झालेली नाही; त्यामुळे मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून असेंबल केलेला संगणक हाच इथला मार्ग राहिला आहे. त्यावर आता फेडोरा या लिनक्सच्या प्रकारावर आधारलेली आणि स्टीमची तीच टीव्हीची मांडणी देणारी 'बॅझाइट' ही विनामूल्य ऑपरेटिंग सिस्टीम बसवता येते. एएमडीचे ग्राफिक्स कार्ड असेल तर काम सोपे, एनव्हिडियाचे असेल तर थोडे अधिक खटपटीचे; झोप, जाग आणि टीव्हीचे आपोआप सुरू होणे यांचे मात्र प्रत्येक मदरबोर्डगणिक वेगळे तंत्र सांभाळावे लागते.